क्रांतिसिंह नाना पाटील

नाना रामचंद्र पाटील ऊर्फ क्रांतिसिंह नाना पाटील (३ ऑगस्ट १९०० – ६ डिसेंबर १९७६) हे महाराष्ट्रातील स्वातंत्र्यसैनिक, शेतकरी नेते व लोकसभेचे दोन वेळचे सदस्य होते. १९४३ ते १९४६ या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यात ब्रिटिश सत्तेला समांतर असे जे प्रतिसरकार चालले, त्याचे ते सर्वमान्य प्रमुख होते. स्वातंत्र्यानंतर ते शेतकरी कामगार पक्षात व पुढे भारतीय कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ मध्ये सातारा आणि १९६७ मध्ये बीड या मतदारसंघांतून ते लोकसभेवर निवडून आले.

== प्रारंभिक जीवन ==

वाळवे तालुक्यातील मच्छिंद्रगडाच्या परिसरात वसलेले येडे मच्छिंद्र हे नाना पाटलांचे गाव. हा भाग त्या वेळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे सांगली असे नामांतर झाले. त्यामुळे जुन्या लेखनात नाना पाटील साताऱ्याचे, तर नव्या लेखनात सांगलीचे म्हणून आढळतात. दोन्ही उल्लेख बरोबर आहेत.

घर शेतकऱ्याचे आणि वातावरण वारकऱ्यांचे. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत झाले. त्या काळी खेड्यातील मुलाला एवढ्या शिदोरीवर शाळामास्तर किंवा तलाठी होता येत असे. उंच, धिप्पाड देहयष्टी, तालमीत कमावलेले शरीर, भरघोस मिशा आणि दूरवर पोहोचणारा खडा आवाज यांमुळे ते गर्दीतही चटकन नजरेत भरत. या आवाजाचा उल्लेख त्यांच्यावरील बहुतेक लेखनात येतो, आणि तो अनाठायी नाही. ज्या काळात खेड्यांत ध्वनिक्षेपक नव्हते, वर्तमानपत्रे पोहोचत नव्हती आणि पोहोचली तरी वाचणारे मोजके होते, त्या काळात आवाज हेच राजकीय कार्याचे पहिले साधन होते.

त्यांच्या विचारांवर दोन परंपरांचा ठसा दिसतो. एक वारकरी संप्रदायाची, दुसरी महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीची. सातारा जिल्हा हा सत्यशोधकांचा बालेकिल्ला होता. तेथील तरुण पिढीने १९२० च्या आगेमागे सावकारशाही व भिक्षुकशाही यांविरुद्धचा असंतोष जवळून पाहिला होता. पुढे हीच पिढी राष्ट्रीय सभेकडे वळली. तेव्हा जुन्या सत्यशोधकी जाणिवा तिने टाकून दिल्या नाहीत, त्या बरोबर नेल्या. प्रतिसरकारचे वेगळेपण समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

== तलाठीपद व राजीनामा ==

वतनदार कुलकर्ण्यांच्या जागी पगारी तलाठी नेमण्याचे धोरण मुंबई इलाख्यात त्या सुमारास रुजत होते. नाना पाटील यांनीही काही काळ तलाठी म्हणून काम केले. चरित्रपर लेखनात ही नोकरी बहुधा एका वाक्यात उरकली जाते. वास्तविक तिचे महत्त्व त्याहून बरेच अधिक आहे. जमीन कोणाच्या नावावर, कसतो कोण, सारा किती, थकबाकी कोणाची, गहाणखत कोणाकडे, ही सारी माहिती तलाठ्याच्या दप्तरात असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे मुंबईचा गव्हर्नर नव्हे. सरकार म्हणजे तलाठी, फौजदार आणि तालुक्याची कचेरी. नाना पाटील यांनी हे सरकार आतून पाहिले. शेतकऱ्याचा मुलगा असल्याने ते बाहेरूनही त्यांना ठाऊक होतेच.

१९३० मध्ये महात्मा गांधींनी सविनय कायदेभंग सुरू केला. महाराष्ट्रात मिठाइतकाच जंगलाचा कायदा मोडण्यावर भर होता. वाळव्याला लागून असलेल्या शिराळा भागात बिळाशी येथे झालेला जंगल सत्याग्रह त्या वर्षी गाजला. याच वर्षी नाना पाटील यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते चळवळीत उतरले. १९३२ ते १९४२ या दशकात त्यांना अनेकदा कारावास भोगावा लागला.

== ग्रामप्रबोधन ==

तुरुंगातून सुटून आले की ते गावोगाव फिरत. सभा बहुधा रात्री, शेतीची कामे आटोपल्यावर, देवळासमोर किंवा पारावर भरे. भाषण कीर्तनाच्या वळणाचे असे. त्यात दृष्टांत, विनोद, शेतीतील उपमा आणि अस्सल ग्रामीण बोली यांची पखरण असे. परकीय सत्ता, सावकार, दारू, अंधश्रद्धा आणि निरक्षरता हे विषय ते एकाच सूत्रात ओवीत.

लग्नखर्चाचा प्रश्न त्यांनी विशेष हाती घेतला. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तरीही कर्जाची साखळी तुटली नव्हती. मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज वाढत जाऊन अखेर जमिनीवर बेतावे, हा अनुभव घरोघरी होता. म्हणून मानपान, वाजंत्री, हुंडा व जेवणावळी यांना फाटा देऊन केवळ हारांची देवघेव करून लग्ने लावण्याची प्रथा त्यांनी पुरस्कारिली. ही लग्ने ‘गांधी विवाह’ म्हणून ओळखली जात. वरवर पाहता ही समाजसुधारणा. पण तिचा खरा हेतू शेतकऱ्याची जमीन वाचविण्याचा होता.

== १९४२ ची चळवळ ==

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ चळवळ सुरू झाली, तेव्हा सातारा जिल्ह्यात पहिला भर निःशस्त्र मोर्चांवर होता. तालुक्याच्या कचेरीवर तिरंगा लावणे हा त्यांचा उद्देश असे. ३ सप्टेंबरचा तासगावचा मोर्चा रक्तपाताविना पार पडला. मात्र ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूर येथे पोलिसांनी मोर्चांवर गोळीबार केला. वडूज येथे परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. या दोन घटनांनी जिल्ह्यातील चळवळीची दिशा बदलली. पुढील काळात उघड मोर्चे थांबले आणि कार्यकर्ते भूमिगत झाले. नाना पाटीलही याच वेळी भूमिगत झाले. त्यांचा हा अज्ञातवास सुमारे ४४ महिने चालला.

== प्रतिसरकार ==

भूमिगतांचे प्रारंभीचे कार्य तारा तोडणे, चावड्यांतील दप्तरे जाळणे, टपाल व रेल्वे विस्कळीत करणे असे होते. ७ जून १९४३ रोजी कराडजवळ शेणोली येथे रेल्वेच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी जी. डी. लाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अडवून लुटली. त्याच सुमारास केवळ मोडतोडीने लोकांचे प्रश्न सुटत नाहीत, हा विचार पुढे आला. पोलीस भूमिगतांच्या शोधात गुंतल्यामुळे दरोडेखोरांना रान मोकळे मिळाले होते. काही दरोडेखोर तर भूमिगतांच्या नावावर लुटालूट करीत होते. त्यांचा बंदोबस्त करणे हे प्रतिसरकारचे पहिले काम ठरले. लोकांचा विश्वास त्यामुळेच मिळाला.

सातारा-सांगली भागातील सुमारे १५० गावांत प्रतिसरकारचा अंमल होता. गावागावांत समित्या नेमल्या गेल्या आणि तंटे सोडविण्यासाठी न्यायदान मंडळे स्थापन झाली. बांधाचे वाद, वाटणीचे वाद, सावकाराने लाटलेली जमीन, टाकून दिलेल्या स्त्रिया अशी प्रकरणे त्यांच्यापुढे येत. तालुक्याच्या न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळणारी, वकिलाच्या खर्चाने दोन्ही पक्षांना बुडविणारी भांडणे गावात, गावकऱ्यांच्या समक्ष मिटविली जात. जो शेतकरी आजवर कचेरीच्या पायऱ्या झिजवीत होता, त्याच्या दारी न्याय आला. एका माजी तलाठ्याच्या नेतृत्वाखालील राज्ययंत्रणा नेमकी महसूल, कर्ज आणि तंटे या तीन गोष्टींभोवती उभी राहावी, यात योगायोगाचा भाग थोडा आहे.

संरक्षणासाठी तुफान सेना हे दल उभारण्यात आले. त्याची सूत्रे जी. डी. लाड यांच्याकडे होती. नागनाथ नायकवडी, नाथाजी लाड, किसन वीर, पांडू मास्तर आदी अनेक कार्यकर्ते निरनिराळ्या गटांचे नेतृत्व करीत. समाजवादी नेते अच्युतराव पटवर्धन यांचेही मार्गदर्शन या चळवळीला लाभले. येथे एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रतिसरकारची रचना एका व्यक्तीच्या आज्ञेने चालणारी नव्हती. दैनंदिन निर्णय व मोहिमांचे नियोजन तरुण गटप्रमुख करीत. नाना पाटील वयाने वडीलधारे, लोकांना परिचित आणि सर्व गटांना मान्य असे एकमेव नाव होते. त्यांच्या नावावर गावे उठत, भाकरी मिळे, निरोप पोहोचे. त्यांना सर्वच मोहिमांचे सेनापती ठरविणारे लेखन त्यांच्या सहकाऱ्यांवर अन्याय करते. त्यांना केवळ शोभेचे प्रमुख ठरविणारे लेखन मात्र वस्तुस्थितीपासून त्याहून दूर जाते.

चळवळीचे केंद्र असलेले कुंडल हे गाव ब्रिटिश मुलखात नव्हते, औंध संस्थानात होते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्येच आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. संस्थानाचा मुलूख तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला असल्याने ब्रिटिश पोलिसांना हद्दीची अडचण येई, आणि भूमिगतांना तीच सोयीची होई.

१९४२ मध्ये देशात इतरत्रही समांतर सरकारे निघाली. उत्तर प्रदेशातील बलिया येथील सरकार काही दिवसच टिकले. बंगालमधील तमलुकचे ताम्रलिप्त जातीय सरकार डिसेंबर १९४२ पासून १९४४ पर्यंत चालले. साताऱ्याचे प्रतिसरकार या सर्वांत दीर्घकाळ टिकले.

== ‘पत्री’ सरकार ==

लोकांच्या तोंडी प्रतिसरकारचे ‘पत्री सरकार’ झाले. बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री. गुन्हेगार व खबऱ्यांच्या तळपायांना अशा पत्र्या ठोकल्या जातात, अशी वदंता पसरली आणि तिचा दरारा मोठा होता. प्रत्यक्षात शिक्षा तळपायांवर काठीने मारण्याची होती, असे त्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी नंतर स्पष्ट केले आहे. तरीही ही शिक्षा सौम्य म्हणता येणार नाही. प्रतिसरकारने बळाचा वापर केला, खबऱ्यांना जबर शासन केले, आणि त्यावर त्या काळीही टीका झाली. १९४४ मध्ये कारावासातून सुटल्यावर महात्मा गांधींनी भूमिगत कार्यकर्त्यांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. साताऱ्यातील बहुसंख्य कार्यकर्त्यांनी तो मानला नाही. नाना पाटीलही भूमिगतच राहिले. खादी, गांधी विवाह आणि दारूबंदी यांचा आयुष्यभर पुरस्कार करणाऱ्या माणसाने या एका बाबतीत गांधीजींच्या सल्ल्याविरुद्ध जावे, हा त्यांच्या चरित्रातील खरा पेच आहे. त्यामागे एक व्यवहारी कारण दिसते. प्रकट होणे म्हणजे ज्या गावांनी आश्रय दिला, त्यांना पोलिसांच्या हवाली सोडून देणे होते.

== खानदेशाशी संबंध: चिमठाणे ==

प्रतिसरकारचा पैशाचा प्रश्न बिकट होता. शस्त्रे, भूमिगतांचा निर्वाह आणि तुफान सेना यांसाठी रक्कम हवी होती, आणि ती लोकांकडून गोळा करणे म्हणजे आधीच पिचलेल्या शेतकऱ्यावर नवा सारा बसविण्यासारखे होते. सरकारी खजिना हाच पर्याय उरला. तो साताऱ्यात नव्हे, तर ४०० हून अधिक किलोमीटर दूर तत्कालीन पश्चिम खानदेश जिल्ह्यात साधला गेला.

अमळनेर परिसरातील डॉ. उत्तमराव पाटील व त्यांच्या पत्नी लीलाताई पाटील हे खानदेशातील १९४२ च्या चळवळीचे प्रमुख कार्यकर्ते. त्यांच्या साहाय्याने जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी आणि त्यांचे सहकारी धुळ्याकडे आले. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे सरकारी रक्कम घेऊन जाणारी मोटार चिमठाणे गावाजवळ अडविण्यात आली आणि सुमारे साडेपाच लाख रुपये ताब्यात घेण्यात आले. त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. चिमठाण्याच्या घटनेची चर्चा राज्यभर व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, याचे एक कारण हा योगायोगही असावा.

नाना पाटील स्वतः या मोहिमेत नव्हते. मात्र सातारा आणि खानदेश येथील भूमिगतांना एकमेकांवर एवढा विश्वास टाकता आला, यावरून चळवळीचे जाळे किती दूरवर पसरले होते हे कळते. दोन्ही प्रदेश कष्टकरी शेतकऱ्यांचे. दोन्हीकडे सावकारी, सारा आणि जंगलबंदी यांचा जाच सारखाच. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले होते आणि त्यात शेतीविषयक कार्यक्रम संमत झाला होता. त्यामुळे खानदेशातील कार्यकर्त्यांना शेतकऱ्याच्या प्रश्नाची भाषा नवी नव्हती. चिमठाणे हे गाव आज धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात आहे.

== कुटुंबाची परवड ==

नाना पाटील हाती लागत नाहीत, हे पाहून सरकारने त्यांचे घर व जमीन जप्त केली. शेतकऱ्याची जमीन वाचावी म्हणून गावोगाव फिरणाऱ्या माणसाची स्वतःची जमीन अशा रीतीने गेली. पत्नीचे निधन मुलगी हौसा लहान असतानाच झाले होते. घरी वृद्ध आई आणि ही मुलगी. सरकारी रोषाच्या भयाने त्यांना कामावर बोलाविण्यास लोक कचरत. या काळातच नानांच्या आईचा मृत्यू झाला. पोलीस मागावर असतानाही अटकेचा धोका पत्करून त्यांनी तिचे अंत्यसंस्कार केले.

हौसाताई (१९२६–२०२१) पुढे स्वतः भूमिगत चळवळीत सामील झाल्या. निरोप, माहिती व शस्त्रे पोहोचविण्याचे काम त्यांनी केले. स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांचे स्थान स्वतंत्र आहे. केवळ वडिलांच्या चरित्रातील उपकथानक म्हणून त्यांच्याकडे पाहणे योग्य नव्हे.

== स्वातंत्र्यानंतर ==

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि भूमिगतांवरील पकड वॉरंटे मागे घेण्यात आली. नाना पाटील प्रकट झाले, तेव्हा त्यांना पाहण्यासाठी लोटलेल्या जनसमुदायात त्यांना आजवर केवळ नावाने ओळखणारेच अधिक होते.

प्रतिसरकारमधील सहकारी स्वातंत्र्यानंतर एका वाटेने गेले नाहीत. यशवंतराव चव्हाण व किसन वीर काँग्रेसमध्ये राहिले. नाना पाटील, केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदींनी शेतकरी कामगार पक्षाचा मार्ग धरला. सत्ता शेतकऱ्याच्या नावाने आली, पण कूळ, सावकार आणि जमीन यांचा प्रश्न तसाच राहिला, अशी त्यांची धारणा होती. शेकापमध्ये १९५० च्या दाभाडी प्रबंधानंतर तात्त्विक मतभेद वाढत गेले. नाना पाटील दत्ता देशमुख आदींसह त्या पक्षातून बाहेर पडले आणि पुढे भारतीय कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. १९५५ मध्ये डहाणू येथे झालेल्या अखिल भारतीय किसान सभेच्या अधिवेशनात त्यांची अध्यक्षपदी निवड झाली. वारकरी संस्कारांत वाढलेला, अभंगांच्या आधारे बोलणारा हा कम्युनिस्ट पक्षाच्या पठडीत बसणारा नव्हता. त्याने पठडीची फारशी फिकीरही केली नाही.

== लोकसभेतील कारकीर्द ==

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर लढविली गेली. त्याच वर्षी १ एप्रिलला मुंबई राज्यात कूळ कायद्यातील दुरुस्तीनुसार कृषिदिन येऊन कुळांना जमिनीची मालकी मिळण्याची प्रक्रिया सुरू झाली होती. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीला भरघोस यश मिळाले. नाना पाटील सातारा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. जी. डी. लाड व नागनाथ नायकवडी हे सहकारी विधानसभेत पोहोचले. लोकसभेत मराठीतून भाषण करणारे पहिले सदस्य म्हणून नाना पाटील यांचा उल्लेख केला जातो. इंग्रजी व हिंदीचा वरचष्मा असलेल्या सभागृहात त्यांनी मराठी बोलणे हे भाषाभिमानाचे कृत्य होतेच. शिवाय त्यांच्या मतदारांना समजणारी ती एकमेव भाषा होती.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर समितीचा मुख्य आधारच सरला. १९६२ मध्ये सातारा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे किसन वीर निवडून आले; प्रतिसरकारमधील एका सहकाऱ्याची जागा दुसऱ्याकडे गेली. १९६७ मध्ये नाना पाटील यांनी मराठवाड्यातील बीड मतदारसंघातून निवडणूक लढविली आणि ते विजयी झाले. सातारकडचा माणूस, वय ६६ पूर्ण, पक्ष कम्युनिस्ट आणि मतदारसंघ निजामी अमलातून येऊन जेमतेम दोन दशके लोटलेला. असा विजय तत्कालीन राजकारणात सहसा आढळत नाही. दुष्काळी बीडमधील कोरडवाहू शेतकऱ्याला कृष्णाकाठच्या या नेत्याचे बोलणे परके वाटले नाही, असेच म्हणावे लागते. डिसेंबर १९७० मध्ये ती लोकसभा मुदतीपूर्वी विसर्जित झाली.

== अखेर ==

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचे राहणीमान बदलले नाही. धोतर, सदरा, डोक्याला पटका आणि एस.टी.ने किंवा पायी प्रवास हाच क्रम राहिला. ६ डिसेंबर १९७६ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार अंत्यसंस्कार वाळवा येथे करण्यात आले. कृष्णाकाठच्या याच गावाने आणि त्याच्या पंचक्रोशीने भूमिगत काळात त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आश्रय दिला होता.